टाकीच्या तोंडाशी

माझे काका जगातल्या बहुतेक गोष्टींना घाबरायचे. पालीला घाबरायचे, गच्चीच्या कठड्याला घाबरायचे, अवेळी दारावरची घंटा वाजली तर आधी खिडकीतून बघायचे आणि मग दार उघडायला मला पाठवायचे. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ते स्वयंपाकघराबाहेर असत. लग्नाला घाबरले ते कायमचेच, म्हणून आमच्याकडे राहिले. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, भावजींच्या पाठी तर त्याचं अख्खं खटलं आहे." काका हसायचे, आणि हसता हसता गॅसचं बटण बंद आहे ना, ते हात लावून बघायचे.

बाबा त्यांचे थोरले भाऊ आणि स्वभावाने अगदी दुसरं टोक. आमच्या घरात भीतीची वाटणी झाली तेव्हा दोघांचा वाटा मिळून एकालाच आला असावा. दोघंही एकाच कारखान्यात होते. तिथे गोळ्या आणि चॉकलेटं बनत, आणि त्यासाठी लागणारा साखरेचा पाक मोठमोठ्या लोखंडी टाक्यांत साठवत. टाकी रिकामी झाली की तळाशी पाकाचा गाळ उरतो. तो काढायला एक माणूस वरच्या गोल तोंडातून शिडीने आत उतरतो आणि एक माणूस त्या तोंडाशी बसतो. आत उतरणारे माझे बाबा आणि तोंडाशी बसणारे काका, हे इतकं ठरून गेलं होतं की त्याबद्दल घरात कुणी बोलतही नसे.

काकांचं काम काय, तर बाबांच्या पट्ट्याला बांधलेली दोरी हातात धरायची आणि दर थोड्या वेळाने हाक मारायची. बाबांनी आतून ओ द्यायची. बाबा कंटाळून कधीकधी ओ द्यायचे नाहीत, तर काका दोरीला हिसडे देऊन जीव नकोसा करायचे. आत उतरणाऱ्या प्रत्येकाला ते "जपून" म्हणायचे, शिडी चढणाऱ्याला "जपून" म्हणायचे, चहा गरम असेल तरी "जपून" म्हणायचे. कारखान्यात त्यांचं नावच जपून पडलं होतं. "जपूनला विचार", "जपून आज आला नाही का", असं सगळे सरळ तोंडावर बोलायचे.

मग कारखान्यात नवे सेफ्टीवाले साहेब आले. त्यांच्या पहिल्या नोकरीत टाकीत गुदमरून माणूस गेला होता म्हणे, त्यामुळे त्यांना बघून काकांना बरं वाटलं होतं. निदान आपल्याइतकं घाबरणारा दुसरा कुणीतरी आला. पण साहेबांनी पहिल्याच महिन्यात एक फतवा काढला. वॉकीटॉकीवर एकच भाषा चालणार, कारण नियंत्रण कक्षात बसणारी माणसं कुठून कुठून आलेली असत आणि घाईच्या वेळी जो तो आपल्या भाषेत ओरडे. साहेबांनी दहाबारा इंग्रजी शब्द ठरवून दिले. ते सगळ्यांनी पाठ करायचे, अर्थ सांगायचा, वापरून दाखवायचे. सोमवारी तोंडी परीक्षा. जो नापास होईल त्याला तोंडाशी बसता येणार नाही, त्याने दुसरं काम घ्यायचं. आणि काकांच्या विभागात दुसरं काम एकच होतं, आत उतरायचं.

मी तेव्हा एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि दिवसभर शिकवून घरी आले की मला माणूस नकोसा व्हायचा. त्यात काका हात-पाय धुऊन जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायचे, शहाण्या मुलासारखे.

"मास्तरीणबाई, आज ते उभं राहण्याचं घ्या," ते म्हणाले. बाकीचे शब्द त्यांना जमले होते. स्टँड बायपाशी गाडी अडली होती.

"स्टँड म्हणजे उभं राहणं," मी म्हटलं.

"ते येतं मला. बायचं सांग."

"बायचं वेगळं काढायचं नाही. इंग्रजीत असं असतं, दोन शब्द मिळून एक क्रियापद होतं. सुटे सुटे घेतले तर हाती काही लागत नाही. स्टँड बाय म्हणजे जवळ थांबायचं, तयारीत. हाक आली की लगेच हलता आलं पाहिजे."

काकांनी मान हलवली, ओठांतल्या ओठांत पुटपुटले आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "म्हणजे करायचं काय?"

"काही करायचं नाही. थांबायचं."

"काहीच करायचं नसेल तर त्याला शब्द कशाला लागतो?"

"काका, साहेबांनी शब्द दिलाय, मी अर्थ सांगितला. आता पाठ करा. आगीचा बंब असतो ना, तो सभेच्या मैदानाबाहेर उभा असतो. आग लागलेली नसते, पण तो असतो. तो स्टँड बाय."

"म्हणजे त्या लोकांना दिवसभर भीतीच की."

"त्यांना नसते वाटत भीती. तुम्हाला वाटते."

"नाही गं," काका म्हणाले, "ज्याला काम असतं त्याची भीती कामात जाते. जो नुसता उभा असतो त्याने कुठे घालवायची?" मला भूक लागली होती. मी त्यांना वाक्य करायला सांगितलं.

त्यांनी बराच विचार करून वाक्य केलं, "आय स्टँड बाय कुकर."

आई ओट्याशी होती. तिला हसू आवरेना. "शिट्टी झाली की हे बाहेर, आणि म्हणे स्टँड बाय कुकर." बाबाही हसले. पण काकांनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून कुकर लावला की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायला लागले. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या, शिट्टी झाली की अंगभर शहारा, पण पाय तिथेच. आई म्हणाली, "अहो भावजी, बाजूला व्हा, मला ताट काढू द्या." ते म्हणाले, "वहिनी, मी अभ्यास करतोय."

परीक्षेच्या भीतीने त्यांना जेवण जाईना. बाबा त्यांना चिडवायचे, "नापास झालास तर ये माझ्यासोबत आत, मजा आहे, गोड वास असतो." काकांचा चेहरा पांढराफटक पडायचा. त्या वासाचीच त्यांना भीती होती. उरलेला पाक आंबला की त्यातून हवा निघते, ती जड असते, तळाशी बसते, तिला रंग नसतो आणि तिच्यात माणूस गुदमरतो. वरून हवा मोजली तर सगळं ठीक दिसतं. आतला माणूस गाळ उपसायला लागला की ती ढवळून वर येते. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ऐकणं सोडून दिलं होतं.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी सकाळी बाबा टाकीत उतरले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काही फिटरने सांगितलं, काही काकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. हा फिटर म्हणजे बाबांचा जुना दोस्त, दांडगा गडी, आमच्या घरी आला की दाराच्या चौकटीला डोकं आपटून घ्यायचा.

हवा मोजली होती. पंखा लावून त्याचा जाड पाईप टाकीत सोडलेला होता. टाकीच्या तोंडावर लोखंडी तिपाई होती आणि तिला टांगलेल्या कप्पीवरून बाबांची दोरी काकांच्या हातात आली होती. साहेबांनी हँडल फिरवून वर ओढायची चरखी मागवली होती, ती अजून यायची होती. काकांनी हाक मारली, बाबांनी ओ दिली. पुन्हा हाक, पुन्हा ओ. मग हाक मारली आणि ओ आली नाही.

काकांनी नेहमीसारखा हिसडा दिला. दोरी जड लागली. त्यांनी वाकून बॅटरी मारली तर बाबा शिडीपासून लांब, गाळात गुडघ्यांवर बसलेले होते आणि पुढे झुकत चालले होते, झोप लागलेला माणूस झुकतो तसे. काकांनी सगळा जीव लावून दोरी ओढली. बाबा थोडे वर आले आणि दोरी अडकली. आत पाक घुसळायचं मोठं पातं असतं, त्याच्या दांड्यात ती गुंतली. आता ओढली तर वर येत नव्हती, आणि सैल सोडली तर बाबा तोंडावर पाकात पडले असते. ताणून धरली तेवढं त्यांचं डोकं वर राहत होतं.

वॉकीटॉकी काकांच्या गळ्यात होता. दोन्ही हात दोरीत. त्यांनी हनुवटीने बटण दाबलं आणि पाठ केलेलं बोलले, माणूस पडलाय, अमुक टाकी. त्यांचा आवाज इतका थरथरत होता की पलीकडच्याने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग पलीकडून उत्तर आलं, बचावाची माणसं निघाली आहेत, तुम्ही स्टँड बाय.

मी काकांना नंतर विचारलं होतं, तेव्हा काय वाटलं? ते म्हणाले, "मला वाटलं, हे शब्द मला कुणी शिकवले नसते तर फार बरं झालं असतं."

कारण खाली त्यांचा भाऊ होता. शिडी हाताशी होती. पाच-सहा पायऱ्या उतरून दोरी त्या दांड्यावरून काढली की झालं, असं कुणालाही वाटलं असतं. कारखान्यात ही चूक होते ती अशीच. भित्रा माणूस करत नाही, वाईट माणूस करत नाही. ज्याचं आतल्या माणसावर प्रेम आहे तोच उडी मारतो, मग त्याला काढायला तिसरा उतरतो, आणि एकाच्या जागी तिघं जातात. काकांना हे ठाऊक होतं, तरी त्यांचा पाय एकदा शिडीकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. त्याच पायाने पंख्याचा पाईप ढकलत ढकलत बाबांच्या अंगावर जाईल असा आत सोडला. आणि उभे राहिले. पँट ओली झाली होती, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं. लपवलं नाही.

ओरड ऐकून फिटर धावत आला. त्याने आत बघितलं आणि काही न बोलता शिडीवर पाय टाकला. काका त्याला अडवणार कसे? हात बांधलेले, आणि अंगात फिटरच्या निम्मा जोर. ते टाकीच्या तोंडावर दोन्हीकडे पाय टाकून आडवे उभे राहिले. फिटर त्यांना बाजूला लोटायला लागला. तेव्हा काका म्हणाले, "तू आत गेलास तर मी दादाची दोरी सोडीन."

फिटर थांबला. तो मला म्हणाला, "मी त्याचे डोळे बघितले. सोडली असती त्याने. मी घाबरलो, खरं सांगतो, टाकीला नाही, जपूनला घाबरलो." काकांनी त्याला मागून दोरी धरायला लावलं. त्याने धरली. तरी काकांनी आपली पकड सोडली नाही.

आणि सगळा वेळ ते बोलत होते. तोंडाशी बसणाऱ्याने हाक मारत राहायचं असतं. हाकेला ओ नव्हती, म्हणून हाका संपल्या. मग त्यांच्या तोंडून जे निघेल ते निघत राहिलं. पाठीवर हवेचे सिलिंडर लावलेली दोन माणसं आली, आत उतरली, दांड्यावरून दोरी सोडवली आणि बाबांना वर काढलं, तोवर काका बोलतच होते.

आई आणि मी दवाखान्यात पोचलो तेव्हा बाबांच्या तोंडाला नळी होती आणि दार बंद होतं. फिटर भिंतीला टेकून रडत होता. आईने त्याला विचारलं, काय झालं. त्याने सगळं सांगितलं, आणि त्यात ते वाक्यही सांगितलं. सांगताना त्याच्या मनात काकांबद्दल वाईट नव्हतं, पण आईच्या कानात तेवढंच वाक्य राहिलं.

लांब व्हरांड्याच्या टोकाला बाकावर काका बसले होते. दोन्ही हातांना मनगटापर्यंत बँडेज. आई त्यांच्याकडे गेली नाही. मी उठले तर तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. "सख्खा भाऊ," ती एवढंच म्हणाली. मला तिची भीती वाटत होती, बंद दाराची भीती वाटत होती, आणि सगळ्यात जास्त भीती याची की बाबा गेले तर या दोघांना एका घरात कसं राहता येईल. काकांना दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. आणि काका नसलेलं घर मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं, गॅसचं बटण बघणार कोण?

डॉक्टर एकदा बाहेर येऊन गेले, थांबा म्हणाले. नर्स आली, थांबा म्हणाली. आम्ही थांबलो. हातात काही काम नाही, आणि भीती कुठे ठेवायची ते कळत नाही. मी नखं कुरतडली, फरशीच्या चौकटी बघितल्या, भिंतीवरची पाटी इतक्यांदा वाचली की तिचा अर्थ जाऊन नुसती अक्षरं उरली. टोकाच्या बाकावरचे काका तेवढ्या वेळात एकदाही उठले नाहीत.

दुपार कलली तेव्हा बाबांची नळी काढली आणि आम्हाला आत सोडलं. बाबांचा आवाज घोगरा होता. डोळे लाल. आईने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि इतका वेळ कोरडी राहिलेली ती तिथे रडली.

"तो कुठंय?" बाबांनी विचारलं.

"बाहेर आहेत," आई म्हणाली. मग तिला राहवेना. "तुमची दोरी सोडणार होते ते. फिटरभाऊंना तसं म्हणाले."

बाबांनी छताकडे बघितलं. मला वाटलं त्यांना कळलं नाही. मग ते हसायला गेले आणि खोकले. "अगं, त्याचा आवाज येत होता मला," ते म्हणाले. "मधे मधे. सगळं लांब चाललं होतं, आणि वरून हा इंग्रजी बोलत होता. स्टँड बाय, होल्ड ऑन, कम आउट, पुन्हा स्टँड बाय. मी म्हटलं, गाढवा, परीक्षा सोमवारी आहे." ते पुन्हा खोकले. "तेवढं ऐकायला जागा राहिलो बघ."

आई उठली. डब्याची पिशवी तिने सकाळी निघताना सवयीने उचलली होती, ती घेऊन ती व्हरांड्यात गेली. मी मागोमाग गेले, कारण ती काय करेल याचा मला भरवसा नव्हता. काका तिला येताना बघून उभे राहिले, शिक्षा ऐकायला उभे राहावं तसे.

"शुद्धीवर आलेत," आई म्हणाली.

काका एकदम खाली बसले.

"भावजी, एक विचारते. खरं सांगा. फिटरभाऊ आत गेले असते तर दोरी सोडली असती?"

काकांनी बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "कशी सोडणार वहिनी? हात उघडतच नव्हते. दादाला वर काढल्यावरसुद्धा उघडेनात. त्या सिलिंडरवाल्यांनी एकेक बोट धरून उघडलं. मी नुसतं म्हणालो तसं. भीतीने म्हणालो."

आई त्यांच्या शेजारी बसली, डबा उघडला आणि घास करून त्यांच्या तोंडापुढे धरला. काका लाजले, इकडे तिकडे बघितलं, मग तोंड उघडलं. आई भरवत राहिली. मला कळेना की मी कुठे बघू, म्हणून मी पाण्याची बाटली उघडून उभी राहिले.

"मास्तरीणबाई," काका थोड्या वेळाने घास गिळून म्हणाले, "सोमवारची परीक्षा होणारच ना?"

"साहेब तुम्हाला सोडतील, काका. एवढं झाल्यावर कोण विचारणार आहे?"

"विचारायला हवं. सगळ्यांना विचारणार तर मलाही विचारायला हवं." त्यांनी बँडेजच्या हाताने तोंड पुसलं. "पण मला फार भीती वाटते गं. त्या खोलीत एकट्याने जायचं, साहेब समोर, तू येशील का?"

"मला आत कसं येऊ देतील?"

"आत नको," काका म्हणाले. "तू काही करायचं नाहीस. नुसती दाराशी थांब."

सोमवारी मी क्लासला सुटी टाकली आणि साहेबांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. दार लोटलेलं होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं, आणि काका बाहेर येईपर्यंत माझ्या मुठी आवळलेल्या होत्या.